चौथा मजला, लिफ्ट नाही

पत्र, थोडक्यात: डोंबिवली पूर्वेच्या एका वाचकाचं हे पत्र. वय 46, खासगी नोकरी, पत्नी शिक्षिका, मुलगी दहावीत. वडिलांनी 1989 मध्ये घेतलेल्या वन बीएचकेमध्ये राहतात. आईचं वय 74, गुडघे कामातून गेलेले. गेल्या पावसाळ्यापासून त्यांचं खाली उतरणं जवळजवळ बंद झालं आहे. वडील चार वर्षांपूर्वी गेले. नॉमिनी म्हणून पत्रलेखकाचं नाव होतं, त्यामुळे सोसायटीने शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला) त्यांच्या नावावर केलं. थोरली बहीण नाशिकला असते, ‘मला काही नको’ म्हणते. ठाकुर्लीत लिफ्टच्या इमारतीतला टू बीएचके पसंत पडला आहे. मालक 95 लाख मागतात आणि महिनाअखेरपर्यंत 5 लाख टोकन हवं म्हणतात. जुन्या घराला एजंटने 62 लाखांचं गिऱ्हाईक आणलं आहे, पण त्यातले 20 लाख रोख. शेजारच्या विंगमधलं घर 68 ला गेल्याचं कानावर आहे. सेक्रेटरी ट्रान्स्फरसाठी 1 लाख ‘बिल्डिंग फंड’ मागतात. काही सभासद म्हणतात रिडेव्हलपमेंट येतेय, आत्ता विकू नका. मेव्हणे म्हणतात आधी घ्या, पत्नी म्हणते आधी विका. प्रश्न एवढाच: आधी काय करू?

उत्तर:

हा प्रश्न ज्याच्या हातात विकायला आख्खं घर आहे त्याने विचारायचा. तुमच्या हातात आज, कायद्याच्या हिशेबाने, एक तृतीयांश घर आहे. बाकीचे दोन वाटे तुमच्या आईचा आणि तुमच्या ताईचा.

शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं म्हणजे घर आपलं झालं असं तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही एकटे नाही, निम्मी डोंबिवली तेच धरून चालते. पण सोसायटीने मालक गेल्यावर कोणाशी व्यवहार करायचा, नॉमिनेशन एवढंच ठरवतं. 2019 मध्ये राज्याच्या सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यात तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असंच म्हटलं आहे. मालकी ठरते वारसा कायद्याने. तुमच्या पत्रात मृत्युपत्राचा उल्लेख नाही, तेव्हा ते नाही असं मी धरते. मग 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा. (वडिलांच्या आई त्या वेळी हयात असत्या तर त्यांचाही.) मुलीचं लग्न झालेलं असलं तरी काही फरक पडत नाही.

हे आत्ता का सांगते आहे? कारण हे तुम्हाला आज ना उद्या कोणीतरी सांगणारच आहे, आणि तो बहुधा तुमच्या गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील असेल. तुम्ही टोकन घेतलेलं असेल, ठाकुर्लीला टोकन दिलेलं असेल, आणि मग पत्र येईल: सर्व वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र सादर करा. तोवर ठाकुर्लीची मुदत उलटून गेलेली असेल. अशी अडकलेली पत्रं माझ्याकडे दर पावसाळ्यानंतर येतात. दिवाळीत घर घ्यायचं असतं ना!

आता ताईंबद्दल. ‘मला काही नको’ असं त्या कधी म्हणाल्या? वडिलांच्या दिवसांत म्हणाल्या असतील तर त्या वाक्यावर 62 लाखांचा व्यवहार उभा करू नका. त्या वेळी घर विकण्याचा विषय नव्हता. वाक्य खरं असेलही, पण ते आज, आकडा समोर ठेवून, पुन्हा विचारलं पाहिजे. ‘ताई, घराचे इतके येतायत, तुझा तिसरा हिस्सा इतका होतो, तुला काय वाटतं?’ असं सरळ विचारा. फोनवर नको, नाशिकला जा. त्या पुन्हा नको म्हणाल्या तर त्यांनी आईच्या आणि तुमच्या लाभात हक्कसोडपत्र करून द्यावं आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं. मोबदला न घेता वारसाहक्क सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. पैसे घेऊन सोडला तर खरेदीसारखंच लागतं. नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र चालतं असं तुम्हाला कोणी सांगेल. चालत नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर नोंदणी हवीच.

आणि त्या ‘हो, मला हवा’ म्हणाल्या तर? तर तो त्यांचा आहे. मग तिघांनी मिळून विक्रीच्या दस्तावर सह्या करायच्या आणि तिसरा हिस्सा त्यांच्या खात्यात जायचा. तुमचं ठाकुर्लीचं गणित त्याने पार बदलेल, म्हणून तर हे टोकन देण्याआधी कळायला हवं.

तुमच्या आईने मात्र हक्क सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ‘तिचं काय, ती आमच्याचकडे राहणार’ हा विचार प्रेमाचाच असतो, पण घर विकताना आणि घेताना आईचं नाव कागदावर असलं तर कोणाचंच काही बिघडत नाही. उलट पुढे करात त्याचा उपयोगच होतो, त्याबद्दल खाली सांगते. एक काम आजच करा: आईचं पॅन कार्ड शोधा आणि ते आधारला जोडलेलं आहे का ते पाहा. घराची किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराला 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावे सरकारात भरायचा आयकर, कापावा लागतो. विकणाऱ्याचं पॅन चालू नसेल, आधारला न जोडल्यामुळे निष्क्रिय झालेलं असेल, तर तोच 20 टक्के होतो. पंचाहत्तरीला आलेल्या कितीतरी आयांचं पॅन अशाच अवस्थेत असतं आणि ते नोंदणीच्या आदल्या दिवशी कळतं.

मग रोख वीस लाख. तुम्ही लिहिलंय, ‘सगळेच असं करतात, आणि टॅक्सही वाचेल.’ पहिल्या भागाबद्दल मी वाद घालणार नाही. दुसरा भाग तपासू या.

वडिलांनी घर 1989 मध्ये घेतलं, म्हणजे तुमचा नफा दीर्घ मुदतीचा. वारसाने आलेल्या घराला मूळ मालकाची तारीख आणि किंमत धरतात. 2001 आधीच्या घराला 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत धरता येते. विकून जो नफा होईल तो तुम्ही दुसऱ्या राहत्या घरात गुंतवलात, विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत, तर त्यावर करमाफी आहे. तुम्ही 62 चं विकून 95 चं घेताय. व्यवहार नीट केलात तर तुमचा कर शून्य आहे. मग रोख घेऊन वाचवणार काय? जो कर नाहीच तो?

आणि धोका किती घेणार तेही पाहा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढाच दंड होऊ शकतो. म्हणजे वीस लाख घेतले तर दंड वीस लाख, आणि तो रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. कागदावरचा 42 लाखांचा आकडा रेडी रेकनरच्या, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या, किमतीपेक्षा बराच खाली असेल तर मुद्रांक शुल्क रेकनरवरच भरावं लागतं, आणि फरक 10 टक्क्यांच्या वर गेला तर आयकर खातं रेकनरचीच किंमत धरतं. मग ती रोकड तुम्ही ठेवणार कुठे? बँकेत भरली तर प्रश्न. ठाकुर्लीच्या मालकाला रोख दिली तर तुमचं नवं घर कागदावर 75 चं होणार, कर्जही त्यावरच मोजणार, आणि पुढे कधी तुमच्या मुलीने ते विकलं तर 20 लाखांचा खोटा नफा तिच्या माथी. अडचण त्या गिऱ्हाइकाची आहे, त्याच्याकडे रोकड आहे. ती तुम्ही कशाला विकत घेताय? मी तुमच्या जागी असते तर पूर्ण चेकने 58 देणाऱ्याला घर दिलं असतं.

68 लाखांच्या गोष्टीबद्दल थोडंसं. जिन्यात ऐकलेला भाव नेहमी चढाच असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहता येतो. शेजारच्या विंगचा दस्त काढून बघा. तो दुसऱ्या मजल्यावरचा निघेल, किंवा मोठ्या क्षेत्रफळाचा, किंवा त्यावर वेगळाच आकडा असेल. (आकडा कमी दिसला तर त्यातही रोख होती का, हे अर्थातच इंडेक्स टू सांगणार नाही.) तुमच्या घराची अडचण तुम्ही स्वतःच लिहिली आहे: चौथा मजला, लिफ्ट नाही. जे कारण तुम्हाला घर सोडायला लावतंय तेच कारण निम्म्या गिऱ्हाइकांना जिन्यातूनच परत पाठवणार. उरणार ती तरुण जोडपी. त्यांना कर्ज लागतं आणि पस्तीस वर्षं जुन्या इमारतीला कर्ज देताना बँका इमारतीचं उरलेलं आयुष्य पाहतात. म्हणून तुमच्या सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) केलं असेल तर त्याची प्रत हाताशी ठेवा. तीस वर्षांवरच्या इमारतीला आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, ते दर तीन वर्षांनी करायचं असतं. केलं नसेल तर कमिटीला पत्र द्या.

त्यावरून रिडेव्हलपमेंट. ‘येतेय’ म्हणणाऱ्यांना दोन प्रश्न विचारा. सोसायटीच्या नावावर जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, झालं आहे का? आणि निबंधक कार्यालयाच्या अधिकाऱ्यासमोर सभा घेऊन विकासक निवडला आहे का? 2019 च्या शासन निर्णयात एकूण सभासदांच्या 51 टक्के संमतीची अट आहे, त्यामुळे पूर्वीपेक्षा गाडं लवकर हलतं हे खरं. पण कन्व्हेयन्सच नसेल तर आधी मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डर करून देत नसेल तर सरकारी आदेशाने मिळणाऱ्या कन्व्हेयन्ससाठी) अर्ज, मग निविदा, मग विकासक, मग करार, मग परवानग्या, मग घर रिकामं करून भाड्याने राहणं, मग बांधकाम. प्रत्येक ‘मग’ला महिने लागतात, कुठे कुठे वर्षं. तुमच्या आईचं वय 74 आहे. नोंदणी झालेला विकास करार आणि बँक गॅरंटी हातात असेल तर थांबण्याचा विचार करता येईल. त्याआधीची सगळी चर्चा चहाबरोबर ठीक आहे.

सेक्रेटरींचा 1 लाख मात्र देऊ नका. घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या ट्रान्स्फर प्रीमियमची कमाल मर्यादा शासनाने 2001 मध्येच 25,000 ठरवून दिली आहे. त्यावर प्रवेश फी आणि हस्तांतरण फी किरकोळ. बिल्डिंग फंड, देणगी, सुधारणा निधी, नाव काहीही दिलं तरी हस्तांतरणाच्या बदल्यात ते मागता येत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला सोसायटीच्या ना-हरकत पत्राचीसुद्धा गरज नाही, पण बँका मागतात आणि तिथेच कमिट्यांचं फावतं. भांडू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, उपविधीचा उल्लेख करा. बहुतेक ठिकाणी कागद पाहिल्यावर आवाज बदलतो. नाही बदलला तर उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

एवढं झालं की तुमच्या मूळ प्रश्नाकडे येता येतं, आणि तोपर्यंत त्याचं उत्तर जवळजवळ आपोआप मिळालेलं असतं.

ठाकुर्लीचं घर 95 लाख. मुद्रांक शुल्क अधिभारांसकट 7 टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे साडेसहा लाखांच्या वर. नोंदणी फी 30,000. दलाली 1 टक्क्याने धरली तरी दोन्ही घरांची दीड लाखाच्या वर. वकील, ट्रान्स्फर, टेम्पो, रंग, आईसाठी बाथरूममध्ये धरायच्या दांड्या आणि न घसरणारी फरशी. 105 लाखांची तयारी ठेवा. विक्रीचे 62 किंवा त्याहून थोडे कमी येणार. तुमच्या शिलकीचा आकडा पत्रात नाही. पाच लाख धरले तर साधारण 40 लाख कर्ज. साठाव्या वर्षापर्यंत फेडायचं म्हटलं तर 14 वर्षं. साडेआठ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता जवळपास 41,000 होतो. मुलगी दहावीत आहे, पुढची चार-पाच वर्षं फीचीच. हा हप्ता तुमचा एक पगार थांबला तरी सहा महिने निघेल का? हा हिशोब पत्नीबरोबर बसून करा, मेव्हण्यांबरोबर नको.

‘आधी घ्या’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून निसटतं ते असं: बँक तिचे 40 लाख शेवटी सोडते. आधी तुमचा स्वतःचा हिस्सा, म्हणजे उरलेले 55 लाख, मालकाला पोचले पाहिजेत. ते 55 येणार तुमच्या गिऱ्हाइकाच्या बँकेकडून, आणि मुद्रांक शुल्काला गृहकर्ज सहसा मिळत नाही. म्हणजे आधी घ्यायचं तर 55 अधिक 7 लाख तुमच्याकडे आत्ता हवेत. नाहीत. मध्ये पूल म्हणून कर्ज देणाऱ्या बँका आहेत, पण तीन महिन्यांत विकलं जाईल म्हणून घेतलेलं पूलकर्ज वर्षभर चाललं की दोन-दोन हप्ते भरताना माणूस जुनं घर मिळेल त्या भावाला फुंकतो. तुमच्या नोकरीच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

पत्नीचं म्हणणं त्यामुळे बरोबर, पण अर्धं. पूर्ण विकून, पैसे खात्यात घेऊन, मग घर शोधायला निघालात तर मध्ये आई आणि सामान घेऊन भाड्याच्या घरात दोन वेळा हलावं लागेल. विकायचं आधी, पण काही आठवड्यांनीच आधी. क्रम असा धरा. पहिल्या महिन्यात हक्कसोडपत्र, आणि त्याच वेळी तुमच्या कर्जाची मंजुरी. मंजुरी काही महिने चालते, घर ठरलेलं नसलं तरी मिळते. मग जुन्या घराचं साठेखत, म्हणजे विक्री ठरल्याचा करार, नोंदवा. त्यात दोन कलमं वकिलाकडून मुद्दाम घालून घ्या: पूर्ण रक्कम मिळाल्यावर ताबा 45 दिवसांनी, आणि खरेदीदाराच्या बँकेने अमुक तारखेपर्यंत पैसे सोडले नाहीत तर काय. त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ठाकुर्लीचं साठेखत, तिथेही पैसे देण्याची तारीख तुमच्या गिऱ्हाइकाच्या बँकेच्या तारखेनंतरची. त्या 45 दिवसांत रंग, बाथरूम, सामान. सगळं सुरळीत गेलं तर तीन-चार महिन्यांचं काम आहे. आणि ठाकुर्ली घेताना 1 टक्का टीडीएस तुम्ही कापायचा आहे, 95,000, आणि तो, ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून 30 दिवसांत भरायचा. बरेच लोक हे विसरतात आणि नोटीस आल्यावर व्याज भरतात.

नावाबद्दल एक सापळा आहे. राज्यात स्त्रीच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, म्हणून एजंट सांगेल, घर वहिनींच्या नावावर घ्या, 95,000 वाचतील. ही सवलत फक्त स्त्रिया खरेदीदार असतील तरच आहे, तुमचं नाव जोडलं की जाते. आणि विकलेलं घर आहे तुमचं आणि आईचं. नफ्यावरची करमाफी हवी तर नवं घर विकणाऱ्याच्या नावावर असायला हवं. एकट्या पत्नीच्या नावावर घेतलंत तर करमाफीवरच प्रश्नचिन्ह, आणि ती रक्कम 95,000 पेक्षा बरीच मोठी असू शकते. आई आणि तुम्ही, हवं तर पत्नीही, असं नाव ठेवा. आणि हा मुद्दा सीएला आकडे घेऊन विचारा. नवं घर लांबलं आणि विवरणपत्राची मुदत आली तर न वापरलेला नफा बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावा लागतो, साध्या एफडीत ठेवून चालत नाही, हेही त्याच भेटीत समजून घ्या.

ठाकुर्लीच्या घराबद्दल तुम्ही लिफ्ट, हवा, उजेड सगळं लिहिलंय. कागदाबद्दल एक ओळ नाही. आपल्याच कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत 65 इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची (बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाची) नोंदणी मिळवली होती, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. तिथेही लोकांनी कर्ज काढून घरं घेतली होती, दस्त नोंदले होते. तेव्हा नोंदणी क्रमांक आहे, बँक कर्ज देतेय, एवढ्यावर समाधान मानू नका. भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत वापरायला महापालिकेने दिलेल्या परवानगीची) प्रत मालकाकडून घ्या आणि त्याचा क्रमांक महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन जुळवा. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वतःच्या वकिलाकडून काढा, बिल्डरच्या किंवा एजंटच्या वकिलाकडून नको. पहिल्या मालकापासूनचे सगळे करार सलग आहेत का, मालकाचं कर्ज चालू आहे का, मेंटेनन्स आणि मालमत्ता कर थकला आहे का, पार्किंग सोसायटीच्या पत्रावर आहे की नुसतं तोंडी, एवढं पाहा. आणि ज्या कारणासाठी घर घेताय ती लिफ्ट: तिला जनरेटर आहे का, दुरुस्तीचा करार चालू आहे का. वॉचमनला विचारा, शेवटची बंद कधी पडली होती. तो खरं सांगतो.

टोकनबद्दल म्हणाल तर 5 लाख देऊ नका. बिल्डरला करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असं रेरा कायदा सांगतो, पण ते बिल्डरला. रीसेलच्या मालकाला तशी मर्यादा नाही, म्हणून तुमची तुम्हीच घालायची. 51,000 किंवा फार तर 1 लाख, चेकने, सर्व मालकांच्या नावे, आणि विसार पावतीवर स्पष्ट लिहून: कागदपत्रांत दोष निघाला, किंवा कर्ज नाकारलं गेलं, तर पंधरा दिवसांत परत. मालक एवढंही लिहून द्यायला तयार नसतील तर तुम्हाला त्यांच्याबद्दल बरंच काही कळलं. दुसरं गिऱ्हाईक असेलही, असू द्या. ठाकुर्लीत लिफ्टची इमारत एकच नाही.

एक गोष्ट तुम्ही कुठेच लिहिलेली नाही: आई काय म्हणतात? सगळं घर त्यांच्या गुडघ्यांसाठी हलवताय आणि पत्रात त्यांचं एकही वाक्य नाही. त्या कदाचित हरखून जातील. कदाचित म्हणतील, मला इथून हलवू नका, सगळ्या ओळखी इथल्या. तसं असेल तर घाईने विकण्याआधी आणखी एक वाट आहे. सोसायटीच्या जवळपास लिफ्टचं किंवा तळमजल्याचं घर लिव्ह अँड लायसन्सवर (भाडेकरारावर) घ्या, आणि तुमचं चौथ्या मजल्यावरचं घर कोणा तरुण जोडप्याला भाड्याने द्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीला बिगर-भोगवटा शुल्क द्यावं लागेल, ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. दोन भाड्यांतला फरक तुम्हाला पडेल, पण आई या पावसाळ्याआधी खाली उतरू लागतील, आणि ताईंचं, रिडेव्हलपमेंटचं, मुलीच्या बारावीचं काय होतंय हे बघायला वर्ष मिळेल. आकडे मांडा आणि निवडा. मला स्वतःला ही वाट तुमच्या सध्याच्या गिऱ्हाइकापेक्षा बरी वाटते.

तुमच्यासारख्याच इतरांसाठी दोन गोष्टी. भावंड परदेशात असेल तर सगळं दोन महिने आधी सुरू करा. तिथून येणारं कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. अनिवासी विक्रेत्याच्या वाट्यावर टीडीएस 1 टक्का नसतो, कितीतरी जास्त असतो. तो कमी करायचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी घ्यावं लागतं, आणि खरेदीदाराला हे दस्ताच्या दिवशी कळलं तर व्यवहार तिथेच थांबतो. आणि जुन्या घरावर कर्ज असेल तर ते फेडल्यावर मूळ कागदपत्रं परत करायला बँकेला 30 दिवस असतात. उशीर बँकेचा असेल तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते, रिझर्व्ह बँकेचा हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. कागद घेताना कर्जाच्या वेळी बँकेने दिलेल्या यादीशी एकेक पान ताडून पाहा, आणि पोचवर सही त्यानंतर करा.